ओल्या कुंडीतलं तहानलेलं ऑर्किड

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. महिन्याचं सामान भरायला गेले होते. बिलाच्या रांगेत उभी असताना शेजारच्या मांडणीवर चार-पाच ऑर्किडं दिसली, व्हॅलेंटाइन डेसाठी आणलेली आणि न खपलेली. फुलं केव्हाच गळली होती, नुसते वाळके दांडे उभे होते. ९५० रुपयांच्या छापील किमतीवर लाल शाईनं २५० लिहिलेलं. त्यातल्या एकाची चारही पानं लुळी पडून कुंडीच्या काठावरून लोंबत होती. हात लावला तर पान जुन्या चामड्यासारखं मऊ लागलं, लांबीच्या दिशेनं बारीक सुरकुत्या पडलेल्या. फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आहे एवढं पानांवरून कळत होतं. रंग लिहिलेली चिठ्ठी कुठंतरी पडून गेली होती.

बाकीची झाडं दिसायला याच्यापेक्षा बरी होती. पण दोघांचे पोंगे काळे पडले होते. फॅलेनॉप्सिसला वाढायला एकच शेंडा असतो. नवं पान फक्त मधल्या पोंग्यातूनच येतं, तो कुजला की झाडाला पुढं जायला सहसा वाट उरत नाही. या मरगळलेल्या झाडाचा पोंगा मात्र घट्ट आणि हिरवा होता. तेवढ्यावर मी ते उचललं.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरी पूर्वेला आहे. सासूबाई मूळच्या कुडाळच्या. त्यांनी कुंडी हातात घेतली, पानं चाचपली आणि म्हणाल्या, "अगं, याला पाणीच मिळालेलं नाही."

ते खरंच होतं. पण त्यातून मी जो अर्थ काढला तो चुकीचा होता. मी रोज सकाळी त्याला पाणी घालायला लागले. एक वाटी, कधी दीड. आठ दिवसांत पानं आणखी लोंबली आणि सगळ्यांत खालचं पान देठाकडून पिवळं पडायला लागलं. मी पाणी वाढवलं. नवव्या दिवशी कुंडी नाकाशी नेली, तर पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा वास आला.

त्या दिवशी सुट्टी होती. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली आणि झाड बाहेर काढलं. वरून भरलेली सालपटं सुटून पडली आणि आत मधोमध मुठीएवढा मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, घट्ट गोळा निघाला. झाड लहान असताना त्याला ज्या मॉसमध्ये वाढवतात तोच हा गोळा, पुढं मोठ्या कुंडीत बसवताना कुणी काढलाच नव्हता. वरची सालपटं कोरडी ठणठणीत आणि हा गोळा पिळला तर पाणी ठिबकेल इतका ओला. त्याच्यात अडकलेली मुळं तपकिरी होऊन गेली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निसटलं आणि आतला दोरा तेवढा हाताला लागला. एकूण चौदा मुळं मोजली. त्यातली दोन धडकी होती आणि एक अर्धं.

त्या ओल्या गोळ्यात बसून झाड तहानेनं मरत होतं. पाणी भोवती भरपूर होतं, ते आत घेणारं काही उरलं नव्हतं. मी आठ दिवस जे केलं त्यानं उरलीसुरली मुळंही कुजायला हातभार लागला असणार, आणि याचं मला फार वाईट वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण सुरकुतलेलं पान पाहिलं की हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडं जातो. सुरकुती पाण्याअभावीही पडते आणि अति पाण्यानं मुळं कुजली तरीही पडते. दोन्हीकडं पानं सारखीच दिसतात. मुळं पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

या मुळांची रचना समजल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. फॅलेनॉप्सिस मूळचं फिलिपाइन्स, इंडोनेशिया या भागातल्या दमट जंगलांतलं, झाडांच्या खोडांना धरून वाढणारं. त्याच्या मुळांभोवती मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस आला की हा थर काही मिनिटांत पाणी शोषतो, पाऊस थांबला की वाऱ्यानं वाळतो. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. भिजलं की तोच थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हो, या मुळांत हरितद्रव्य असतं. अशा मुळाला चोवीस तास ओल्या बोळ्यात कोंडलं तर हवेवाचून ते कुजतं.

सासूबाई शेजारी मोड्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या मागच्या आंब्यावर सीतेची वेणी होती. मुळं नुसती फांदीला चिकटलेली असायची, अर्धी तर हवेतच लोंबायची. कुणी कधी पाणी घातलं नाही तिला. पावसाच्या तोंडावर हे असे घोस यायचे." हात कोपरापर्यंत दाखवून त्यांनी लांबी सांगितली. शेजारचे लोक तिला बांडगूळ समजून काढून टाकायला सांगत, पण त्यांच्या सासऱ्यांनी काढू दिली नाही. बरंच केलं. बांडगूळ फांदीत आपली मुळं खुपसून झाडाचा रस पितं, आमरी फांदीवर फक्त बसते. सह्याद्रीतल्या असल्या ऑर्किडांना मराठीत आमरी म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो.

तर मुळांकडे. कात्री स्पिरिटनं पुसून गॅसवर धरली आणि गार होऊ दिली. मूळ मेलंय की जिवंत, हे रंगावरून ठरवलं नाही. आधी सगळी मुळं नळाखाली धरून मॉसचा कण न् कण काढला, मग एकेक मूळ बोटांनी दाबून पाहिलं. टणक असेल ते ठेवायचं, पिचकलं किंवा पोकळ लागलं की कापायचं. एक मूळ डागाळलेलं, तपकिरी होतं, पण दाबल्यावर घट्ट लागलं. ते ठेवलं. पुढं त्यालाच एक फाटा फुटला. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली. तिनं जखम वाळते आणि बुरशी धरत नाही. पण ती धडक्या मुळांना लागू द्यायची नाही, त्यांनाही ती तशीच सुकवते. मी काडीला कापूस गुंडाळून फक्त कापल्या जागी लावली. वाळका फुलांचा दांडाही बुडाशी कापून टाकला. पिवळं पान ओढून काढलं नाही. झाड त्यातलं पाणी आणि अन्न काढून घेत असतं, पान आपणहून सुटेपर्यंत थांबायचं.

रात्रभर झाड तसंच उघडं ठेवलं, कापलेल्या जागा वाळाव्यात म्हणून.

मुळं इतकी कमी उरली होती की मोठ्या कुंडीत ते उभंच राहिलं नसतं. श्रीखंडाचा पारदर्शक डबा घेतला आणि दाभण तापवून त्याला तळाशी आणि बाजूंना पंधरा-वीस भोकं पाडली. डबा पारदर्शक असला की आतली ओल आणि मुळांचा रंग दिसतो, अंदाजानं पाणी घालावं लागत नाही. तळाला कोळशाचे तुकडे टाकले. आमच्या कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका लाकडी कोळसा वापरतात, त्यांच्याकडून मूठभर आणला आणि धुऊन घेतला. त्यावर नर्सरीतून आणलेली पाईनच्या सालीची खपली, रात्रभर भिजवून निथळलेली. मुळांभोवती मॉस फक्त चिमूटभर, पिळून, सैलसर. मॉस वाईट नसतं, घट्ट कोंबलेलं मॉस वाईट.

आता खरी अडचण होती पुण्याच्या हवेची. मार्च सुरू झाला होता. घरातल्या आर्द्रतामापकावर दुपारी २० ते २५ टक्के दिसायचे. मुळं नसलेल्या झाडाला पाणी घेता येत नाही, पण पानांतून ते जात राहतं. पानांवर मेणचट थर असल्यानं वरून फवारलेलं पाणी आत फारसं जात नाही. मग करता येण्यासारखं एकच उरतं, आहे ते पाणी जाऊ न देणं. भोवतालची हवा दमट ठेवायची आणि मुळं फुटेपर्यंत वाट पाहायची.

पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापला आणि ती झाडावर घुमटासारखी ठेवली, झाकण काढून. खाली ताटलीत खडे आणि त्यांच्या पातळीच्या खाली राहील इतकंच पाणी. डब्याचा तळ पाण्याला टेकला नाही पाहिजे. घुमटाच्या आत आर्द्रता सत्तरच्या वर राहायची. सकाळी अर्धा तास घुमट काढून वारा द्यायचे, रात्री मात्र कधीच काढला नाही. निवडुंग, घायपात, अननस यांच्यासारखंच फॅलेनॉप्सिसही दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं. म्हणजे पानांतून पाणी जायचं ते मुख्यतः रात्री, आणि दमट हवेची खरी गरज तेव्हाच. हे सगळं गॅलरीत नव्हे, तर देवघराच्या खोलीत, खिडकीपासून हातभर आत. घुमटावर ऊन आलं असतं तर झाड आत शिजून निघालं असतं.

पाणी आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. मुळं चंदेरी दिसली आणि डब्याच्या आतली वाफ धरायची थांबली की डबा वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पूर्ण निथळू द्यायचा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. ते बोअरचं पाणी जड असतं, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो, आणि तोच थर मुळांवरही बसतो. म्हणून सकाळी महापालिकेचं पाणी येतं तेव्हा दोन बाटल्या वेगळ्या भरून ठेवायचे. खडकवासल्याचं पाणी या कामाला पुष्कळ चांगलं.

सल्ले खूप मिळाले. साखरेचं पाणी घाल, तांदळाच्या धुवणात ठेव, लसूण ठेचून घाल. ऑफिसमधल्या एकीनं तर ताक सुचवलं. सगळे आपुलकीनं सांगत होते, पण मी यातलं काही केलं नाही. कापलेल्या मुळांजवळ साखर किंवा स्टार्च म्हणजे बुरशीला आमंत्रण. खतही नाही. घेणारी मुळंच नाहीत तर खत तिथंच साचून उरलेल्या मुळांना पोळवणार.

मग नऊ आठवडे काहीच झालं नाही.

हा काळ सगळ्यांत कठीण होता. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला. पिवळं पान गळलं, मागोमाग त्याच्या वरचंही सुटलं. राहिली दोन. मी दर रविवारी वरच्या पानाची लांबी दोऱ्यानं मोजून कॅलेंडरवर लिहायचे आणि दर रविवारी तोच आकडा. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण ताटलीतलं पाणी बदलताना सासूबाई हळूच घुमट उचलून पोंगा बघायच्या, हे मला माहीत होतं. पोंगा घट्ट होता. त्या एका गोष्टीवर मी थांबून राहिले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या पानाच्या बुडाशी खोडाची साल किंचित फुगलेली दिसली. दोन दिवसांनी ती चिरली आणि आतून ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं टोक बाहेर आलं. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि देवापुढची समई थोडी अलीकडं सरकवली, नीट दिसावं म्हणून.

टोक स्वच्छ पोपटी होतं, लालसर छटा अजिबात नव्हती. गडद जांभळ्या फुलांच्या झाडांमध्ये मुळांची टोकं आणि पानांची खालची बाजू बहुधा लालसर असते. यावरून मी म्हटलं, "आई, फूल बहुतेक पांढरं असणार." त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मनात सीतेच्या वेणीचा गुलाबी रंग होता.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि झाडानं जे महिनोन्महिने अडवून धरलं होतं ते एकदम सोडलं. महिन्याभरात तीन मुळं. गच्चीत पातेलं ठेवून धरलेलं पावसाचं पाणी त्याला द्यायला लागले. वरचं पान तळहातावर घेतलं की आता ते आडवं राहायचं. सुरकुत्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, आजही त्या पानावर आहेत. जुनं पान पूर्ववत होईल अशी आशा धरू नये. जीव परत आलाय की नाही, हे नव्या पानावरून ओळखायचं. नवं पान जुलैत पोंग्यातून निघालं, पहिल्या दिवसापासून ताठ.

जुलैतच धोक्याची बाजू बदलली. हवेत ९० टक्के आर्द्रता, मग घुमट कशाला? तो काढून ठेवला आणि दिवसभर पंखा मंद लावायला लागले. त्याच दिवसांत एका संध्याकाळी पोंग्यात पाण्याचा थेंब साठलेला दिसला. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर तांब्यातलं उरलेलं याच्यावर शिंपडत होत्या, मायेनं. रात्रभर पोंग्यात पाणी राहिलं आणि वारा नसला तर तो कुजतो, म्हणजे चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेली असती. मी कागदी रुमालाची वात करून थेंब टिपून घेतला. त्यांना पोंगा दाखवला, का ते सांगितलं. त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर देवघरातली फुलवातींची डबी ऑर्किडशेजारी ठेवलेली होती. पावसाळाभर त्या रोज एक वात घेऊन पोंगा टिपून काढत.

ऑगस्टमध्ये मोठ्या डब्यात बदललं, या वेळी मॉस अजिबात नाही, साल आणि कोळसा एवढंच. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून.

डिसेंबरात एका पानाच्या बेचक्यातून काहीतरी निघालं. आधी मूळ वाटलं. पण मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, याचं टोक चपटं होतं, एका बाजूला खाच असलेलं. फुलांचा दांडा. पुण्यात नोव्हेंबरपासून रात्री गार होतात, आणि काही आठवडे २५ अंशांच्या खाली गेले की फॅलेनॉप्सिसला फुलायची वेळ झाल्याचं कळतं.

झाडाला तेव्हा तीन पानं होती आणि त्यातलं एक सुरकुतलेलं. मी आठवडाभर विचार केला. दांडा बोटभर झाला तेव्हा कात्री स्पिरिटनं पुसली.

"अगं, फुलं येऊ घातलीत आणि तू कापतेस?" सासूबाई खरंच दुखावल्या.

"आई, याच्याकडे अजून देण्यासारखं काही नाहीये. सगळं फुलांना देऊन बसेल आणि पुन्हा लुळं पडेल."

"तू बघ बाई," म्हणून त्या आत गेल्या. मी दांडा कापला आणि तो कचऱ्यात टाकववेना, म्हणून पाण्याच्या पेल्यात ठेवला. तो फुलला नाही, पाच-सहा दिवसांत सुकला. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण तो घेताना हात थरथरला होता. जानेवारीत आम्ही दोघी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो. तिथं ऑर्किडांसमोर सासूबाई फुलांपेक्षा पानं जास्त वेळ बघत होत्या. "पाच आहेत याला," म्हणाल्या. "याला सहा." घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "तीनच होती आपल्याकडे. बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण ते सुरळीत गेलं. उन्हाळ्यात पुन्हा आतली खोली, पण घुमटाची गरज पडली नाही. एकदा पानाच्या खाली पिठ्या ढेकूण दिसला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढला. पावसाळ्यात गॅलरी, छपराच्या आत. दिवाळीपर्यंत पाच पानं आणि डब्याच्या भिंतीला चिकटून गोल फिरलेली मुळं, किती ते मोजता आलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी दांडा आला. या वेळी कात्री बाहेर काढली नाही. कुंडीची दिशा बदलायची नाही एवढं पाळलं, कारण दांडा उजेडाकडं वळत जातो, कुंडी फिरवली की कळ्या वेड्यावाकड्या लागतात. सासूबाईंनी कुंडीखाली खडूनं खूण करून ठेवली, फरशी पुसताना सरकली तर परत जागेवर ठेवता यावी म्हणून. जानेवारीत पाच कळ्या धरल्या, वाटाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला सकाळी पहिली कळी उमललेली होती. पांढरं फूल, ओठावर पिवळी झाक आणि आत दोन-तीन तांबूस ठिपके.

सासूबाई पूजेची परडी घेऊन आल्या होत्या. गॅलरीतलं मिळेल ते फूल त्या रोज देवाला वाहतात. बराच वेळ त्या फुलाकडं बघत उभ्या राहिल्या. "किती दिवस टिकतं म्हणालीस?"

"दोन महिने सहज."

त्यांनी परडीत जास्वंद आणि तगर घेतली, आणि वात घेऊन नेहमीसारखा पोंगा टिपला. कोरडाच होता.